बोर्ड तोच ठेवा ताई, प्रोसेसर बदला

प्रश्न : दादा नमस्कार, घरी २०१८ चा डेस्कटॉप आहे. रायझन ३ २२००जी, ए३२० चा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, १ टीबी हार्डडिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मी घरूनच टॅलीची कामं करते, मुलगी कॉलेजसाठी व्हिडिओ एडिट करते. चालू व्हायलाच चार मिनिटं लागतात, व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की बाकी काहीच उघडत नाही, आणि विंडोज ११ ला मशीन चालत नाही असा मेसेज येतो. दुकानदार म्हणतो बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच बदला, पण तेवढे पैसे आत्ता नाहीत. नुसता प्रोसेसर बदलून भागेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, सगळं बदलायची अजिबात गरज नाही. तुमचा बोर्ड एएम४ सॉकेटचा आहे आणि त्याच सॉकेटमध्ये २०२१-२२ चे प्रोसेसरही बसतात, म्हणजे ज्याला दुकानदार भंगार म्हणतोय त्या बोर्डात अजून बराच दम आहे. नवीन एएम५ सॉकेटवर गेलात तर बोर्ड बदला, मग त्याला डीडीआर५ रॅमच लागते म्हणून रॅमही बदला, असा खर्च वाढत जातो.

पण आधी एक बघा. मशीन चालू झाल्या झाल्या टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा आकडा बघा. तो १०० टक्क्यांवर चिकटलेला असेल आणि प्रोसेसर वीस-तीसवर असेल, तर ती चार मिनिटं हार्डडिस्क खातीये, प्रोसेसर नाही, तिथे कितीही भारी प्रोसेसर टाकला तरी फरक पडणार नाही. म्हणून पहिला पैसा एसएसडीवर, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्कवर घाला, विंडोज त्याच्यावर घ्या आणि जुनी हार्डडिस्क फोटो-व्हिडिओ साठवायला राहू द्या. दुसरा पैसा ८ जीबीच्या अजून एका रॅमवर, कारण तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे, ते रॅममधूनच काम करतं आणि दोन रॅम असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो.

एक्स्पोर्टचं दुखणं मात्र खरंच प्रोसेसरचं आहे. २२००जी मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं ओढतो. तुम्ही रायझन ५ ५६००जी घ्या, सहा कोअर बारा थ्रेड, आणि तो ‘जी’ बिलावर नीट वाचून घ्या, कारण साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, तो बसवलात तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. तुमचा २२००जी आणि नवा ५६००जी दोन्ही ६५ वॅटचे आहेत त्यामुळे चांगला चालणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलायला नको. विंडोज ११ चा प्रश्नही सुटतो, २२००जी चा नंबर २००० चा असला तरी आतून तो पहिल्या पिढीचा म्हणून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत नाही, ५६००जी आहे. बायोसमध्ये (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) एफटीपीएम तेवढं चालू करा, विंडोज ११ ला ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चे फुकटचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत आणि तुमच्याकडे लोकांचे हिशोब आहेत, त्यामुळे हे लांबवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बायोस. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचं, आधी नवा बसवला तर मशीन चालूच होणार नाही. विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाइप करा, बोर्डचं पूर्ण नाव मिळेल, मग कंपनीच्या साइटवर त्याच बोर्डच्या यादीत ५६००जी आहे का आणि कुठलं बायोस लागतं ते बघा. ए३२० च्या काही बोर्डांना हा सपोर्ट उशिरा आला, काहींना आलाच नाही, त्यामुळे यादी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड जातो, तेव्हा यूपीएस हवाच, नसेल तर एक दिवस शेजाऱ्यांकडून आणा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा.

कूलर काढताना घाई नको. मी एकदा थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकून घट्ट झालेली, प्रोसेसर लॉक असूनही त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून आला. एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या झाल्या होत्या. क्लिकच्या पेन्सिलीतलं शिसं काढून त्या रिकाम्या नळीने एकेक पिन सरळ केली, तासभर हात थरथरत होते, तरी एक तुटलीच आणि एक रॅम स्लॉट कायमचा गेला. तुम्ही पंधरा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सुटा करा. नवा प्रोसेसर बसवताना त्याच्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा, तो स्वतःच्या वजनाने आत बसतो, दाबायचा नाही.

पैसे एकदम जमत नसतील तर या महिन्यात एसएसडी आणि रॅम घ्या, प्रोसेसर पुढच्या महिन्यात.

प्रश्न : माझ्याकडे एच११० बोर्डवर आय५ ७४०० आहे. आय५ ८४०० चं सॉकेट पण ११५१ च आहे, मग बसेल ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बसेल, पण चालू होणार नाही. पिना तेवढ्याच असल्या तरी आठव्या पिढीला इंटेलचा ३०० सिरीजचा बोर्ड लागतो. तुमच्या बोर्डवर फार तर जुना आय७ ७७०० चालेल, पण तोही विंडोज ११ च्या यादीत नाही, म्हणून मी त्यात पैसे घालणार नाही. एसएसडी टाका, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम घाला, ब्राउझिंग आणि ऑफिसच्या कामाला हे मशीन अजून छान चालेल.