पोव्ह-रेमध्ये फिरणारा ग्रह: आधी ओळींचा क्रम बघा

पोव्ह-रेमध्ये (लिहिलेल्या वर्णनावरून त्रिमितीय चित्रं काढणारा प्रोग्रॅम) फिरत्या ग्रहाचं ॲनिमेशन करताना सगळ्या फ्रेम तंतोतंत सारख्या येतात, आणि आस कलती केली की ग्रह भोवऱ्यासारखा डुगडुगतो, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं मूळ एकच आहे: स्फिअरच्या (म्हणजे गोलाच्या) कंसातल्या ओळींचा क्रम.

पोव्ह-रे ओळी वरून खाली लावत जातो. ‘रोटेट’ (फिरवण्याची ओळ) टेक्श्चरच्या (गोलावर चढणाऱ्या नकाशाच्या) आधी आलं तर नुसता गोल फिरतो आणि नकाशा त्यावर नंतर चढतो. कोरा गोल फिरला काय नि न फिरला काय, चित्र तेच! म्हणून आधी टेक्श्चर, मग फिरकी, शेवटी कल. फिरकी म्हणजे वाय अक्षाभोवती उणे 360 गुणिले क्लॉक (ॲनिमेशनभर 0 पासून 1 कडे जाणारा आकडा). इथले अक्ष डाव्या हाताच्या नियमाचे आहेत, त्यामुळे उणे चिन्ह द्यायचं राहून गेलं तर पृथ्वी उलटी फिरते. कल म्हणजे झेडभोवती उणे 23.4. तो फिरकीच्या आधी लिहिलात की कललेली आसच वायभोवती शंकू काढते. तुमचा भोवरा तो हाच.

कॅमेरा झेडवर उणे 6 ला, अँगल 40. हा अँगल आडवा मोजला जातो, फार कमी केलात तर ग्रह वरखाली कापला जाईल. कॅमेऱ्याच्या ‘राइट’ या ओळीमध्ये चित्राची रुंदी भागिले उंची द्या, नाहीतर 1280 × 720 ला ग्रह अंडाकृती येतो.

नकाशा 2:1 प्रमाणाचा, मॅप टाइप 1 (नकाशा गोलावर गुंडाळणारा), इंटरपोलेट 2 (पिक्सेलमधले रंग मिसळून गुळगुळीत करणारा). मोठ्यात मोठा नकाशा घ्यायचा मोह टाळा. वरच्या मापात ग्रहाचा व्यास साधारण 600 पिक्सेल, म्हणजे परीघ 1,900 च्या आसपास, तेव्हा 2048 रुंदी पुरे. 8192 घेतलात तर मधले पिक्सेल गाळले जातात आणि किनारे, डोंगर प्रत्येक फ्रेमला लुकलुकतात. अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) चालू आणि जिटर (त्यातले नमुने किंचित इकडेतिकडे हलवणं) बंद ठेवा, जिटरनेही हेच होतं.

दिवा डावीकडे वर, कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवा आणि त्याला फिरवू नका. ॲम्बियंट (दिव्याशिवायही पृष्ठभागाला मिळणारा उजेड) मूळचा 0.1 असतो, त्याने रात्रीची बाजू राखाडी दिसते. मी 0 च देईन.

240 फ्रेम, सेकंदाला 24, म्हणजे 10 सेकंदांत एक फेरी. सायक्लिक ॲनिमेशन (शेवट सुरुवातीला जुळवणारी सेटिंग) ऑन हवंच. नसेल तर शेवटच्या फ्रेमला क्लॉक 1 होतो, 0 आणि 360 अंश एकच, आणि जोडावर ग्रह क्षणभर अडखळतो.

ढग हवे असतील तर 1.01 त्रिज्येचा दुसरा गोल घ्या, त्यावर पारदर्शक पीएनजी. त्रिज्या ग्रहाइतकीच, म्हणजे 1, ठेवलीत तर दोन पृष्ठभाग एकमेकांत भिडून काळे ठिपके पडतात. ढगांना वेगळा वेग द्यायचा तर फेऱ्या पूर्णांकातच हव्यात. 1.1 फेरी दिली की लूप जुळतो तिथे ढग उडी मारतात. सोपं म्हणजे दोन्ही गोल युनियनमध्ये (वस्तूंचा एक गट) टाकून एकत्र फिरवा.

पूर्ण रेंडरच्या आधी 320 × 180 मध्ये 8 फ्रेम काढा. दर फ्रेमला 45 अंश, त्यामुळे दिशा चुकली असेल तर तिथेच दिसेल.