झडप थांबायला तयार नाही, आणि मन उठायला

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे. डिप्रेशनला १९ वर्षं झाली, दोनदा त्यासाठी ॲडमिट होते. व्हेनलाफॅक्सिन चालू आहे. मध्यंतरी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पायरीवरच बसले. इकोमध्ये निघालं की महाधमनीची झडप फार अरुंद झाली आहे, ०.७ चौरस सेंटिमीटर. सर्जन म्हणाले, छाती उघडून झडप बदलावी लागेल, उशीर करू नका. मी मान डोलावली. त्याला तीन आठवडे झाले, अजून फोन केलेला नाही. धाकटी बहीण रोज विचारते, ‘ताई, तारीख घेतलीस का?’ मी म्हणते, घेते. ऑपरेशनची भीती वाटत नाही, खरं तर काहीच वाटत नाही. भीती एकच, की माझ्या गोळ्या बंद करतील आणि मी पुन्हा त्या विहिरीत जाईन. आणि एक गोष्ट कुणालाच बोललेली नाही. काहीच केलं नाही तर आपोआप सुटेन, असं मनात येतं. काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, शेवटून सुरुवात करते. ते ‘आपोआप सुटेन’ तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना सांगायचं आहे, आणि याच आठवड्यात. त्यात हातून काही करायचं नाही म्हणून ते साधं वाटतं. मी ते साधं समजत नाही. आणि ‘स्वतःहून काही करावं’ इथपर्यंत विचार सरकला, तर आठवडा, अपॉइंटमेंट काही बघू नका. त्याच तासाला बहिणीला बोलवा आणि तातडीच्या विभागात जा.

शिवाय ते वाक्य खोटंही आहे. अशी झडप नेहमी झोपेत अलगद नेत नाही. पुष्कळदा आधी फुप्फुसात पाणी भरतं, आडवं झोपता येत नाही, रात्र उशांना टेकून बसून काढावी लागते. हे मी वॉर्डात पाहिलं आहे. त्याला सुटका म्हणवत नाही.

एरवी माझ्या पेशंटना मी एक गोष्ट बजावते : मन खाली असताना मोठे निर्णय घेऊ नका. नोकरी सोडणं, घर विकणं, सगळं पुढे ढकला. तुमच्या बाबतीत हा माझाच नियम मोडावा लागतोय. निरोगी झडप तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते, तुमची ०.७. एकदा चक्कर, धाप, छातीत दुखणं अशी लक्षणं सुरू झाली आणि झडप बदलली नाही, तर साधारण निम्मे रुग्ण दोन वर्षांच्या आसपास दगावतात. म्हणजे तुम्ही ‘अजून ठरवलं नाही’ असं म्हणता, पण न केलेल्या फोनमधून रोज थोडंथोडं ठरतंच आहे, आणि ठरवतंय ते डिप्रेशन. नकार देण्याचा हक्क तुमचा आहे, तो मी काढून घेणार नाही. फक्त तो नकार तुमचा असावा, आजाराचा नको.

आता गोळ्या. ही भीती मात्र अगदी रास्त आहे. हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात मला बोलावणी येऊ लागली, त्या सुरुवातीच्या दिवसांतला एक पेशंट आठवतो. ॲडमिट करताना त्याची डिप्रेशनची गोळी कागदावर चढलीच नाही. तिसऱ्या दिवशी घाम, थरथर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. सगळे हृदयात कारण शोधत होते आणि गोळी त्याच्या बॅगेत पडून होती. व्हेनलाफॅक्सिन अचानक तोडलं की नेमकं हेच होतं. सहसा ही औषधं शस्त्रक्रियेच्या काळातही चालू ठेवतात. बदल करायचाच असेल तर आधी काही आठवडे, हळूहळू, आणि तुमचे मानसोपचारतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलून.

भूलतज्ज्ञांना गोळीचं नाव आणि डोस तुम्ही स्वतः सांगा. फाइलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका. या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्राव थोडा वाढू शकतो, व्हेनलाफॅक्सिनने रक्तदाबही चढतो. आणि एक गोष्ट डॉक्टरांच्याही नजरेतून निसटू शकते : ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवरून उतरवताना रक्तदाब फारच कोसळला, तर कधी मिथिलीन ब्लू नावाचं निळं औषध देतात. तुमच्या गोळीबरोबर ते शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन धोक्याच्या पातळीवर नेऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ साली तसा इशारा दिलेला आहे. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलचंही तेच. भूलतज्ज्ञांना आधी माहीत असलं की ते दुसरा मार्ग काढतात.

सर्जन तुम्हाला विचारतील, झडप धातूची की प्राण्याच्या ऊतीची? ५८ हे वय अगदी सीमेवरचं, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. धातूची झडप खूप वर्षं टिकते, पण रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआरची तपासणी पुन्हा पुन्हा. ऊतीची झडप साधारण १०–१५ वर्षांनी झिजते, पुन्हा बदलावी लागू शकते. इथे तुमचं डिप्रेशन टेबलावर ठेवाच. ज्या महिन्यात तुम्हाला अंथरुणातून उठवत नाही, त्या महिन्यात वॉरफरिन रोज घेतली जाईल का? चुकली तर झडपेवर गुठळी धरू शकते. आणि धातूची झडप टिकटिकते. दिवसा कळत नाही, पण पहाटे तीनला टक्क जागं पडून राहणाऱ्या माणसाला ती घड्याळासारखी ऐकू येते. काहींना त्या आवाजाचा आधार वाटतो, काहींना तो छळतो. तुम्ही कोणत्या प्रकारातल्या, तुम्हालाच ठाऊक. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालूनही झडप बसवतात, २००२पासून होतंय ते. तुमच्या वयाला सहसा उघडी शस्त्रक्रिया सुचवतात, तरी विचारून घ्या. दातांची तपासणी आधी होईल, तिला कंटाळू नका. किडक्या दातातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात.

ऑपरेशननंतरचं बहिणीला आत्ताच सांगून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री अतिदक्षता विभागात भास होऊ शकतात : छतावर मुंग्या, नर्स आपल्याविरुद्ध कट रचताहेत असं वाटणं. डिप्रेशन नसलेल्यांनाही होतं ते, आणि बहुतेकदा काही दिवसांत ओसरतं. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला शिकवतील. छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येईल, येऊ द्या. पण दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल, खाणं किंवा गोळ्या सुटल्या असतील, तर तो अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. मी तर म्हणेन, मानसोपचारतज्ज्ञांची दुसऱ्या आठवड्यातली भेट ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा. तेव्हा फोन करायचं बळ नसेल, ते आत्ताही नाहीये.

ऑपरेशनने डिप्रेशन जाईल असं मी म्हणणार नाही. पण गेल्या काही महिन्यांतला जो थकवा तुम्ही निमूटपणे मनाच्या खात्यावर लिहीत आला असाल, त्यातला काही झडपेचा असू शकतो. किती, ते झडप बदलल्यावरच कळेल.

तारखेचा फोन बहिणीला करू द्या. बॅगही तीच भरेल. तुमच्याकडे काम एकच : एका कागदावर गोळ्यांची नावं, डोस, वेळ. त्याच कागदाच्या मागे ते ‘आपोआप सुटेन’ वाक्य लिहा. मानसोपचारतज्ज्ञांपुढे तोंडातून निघालं नाही, तर कागद उलटा करून नुसता त्यांच्या हातात द्या.