लायसिनचं सिरप आणण्याआधी

ताई, मुलगी पाच वर्षांची झाली तरी वजन धरत नाही, म्हणून लायसिनचं सिरप सुरू करू का, असं विचारलंत. लायसिन म्हणजे प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं एक. काळजी समजते, पण बाटली लगेच आणू नका.

ज्वारीच्या भाकरीत लायसिन कमी असतं, हे खरं. पण मटकीत, हरभऱ्यात ते चांगलं असतं, आणि कडधान्यांत कमी पडणारं मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल भाकरी भरून काढते. म्हणून भाकरी-उसळ एका ताटात हवी. या वयाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. एक अंडं आणि पेलाभर दूध यांतूनच १२ च्या आसपास मिळतात. अंडं चालत नसेल तर दही, शेंगदाण्याची चटणी, घट्ट वरण द्या. वरणाच्या नुसत्या पाण्यावर मात्र विसंबू नका, त्यात डाळ फारच थोडी उतरते.

वजनाचं कारण बरेचदा वेगळंच निघतं: जंत, रक्तक्षय, जेवणाआधीची बिस्किटं. सांगली-मिरजेत बालरोगतज्ज्ञ भरपूर आहेत. आधी त्यांच्याकडून वजन-उंचीचा तक्ता भरून घ्या, हिमोग्लोबिन तपासा. एकच अमिनो आम्ल जास्त दिलं तर त्याच वाटेनं शोषली जाणारी दुसरी अडतात. डॉक्टरांनी सिरप दिलंच, तर मात्रा आणि किती दिवस द्यायचं, हे चिठ्ठीवर लिहून मागा.