वाचकांचे प्रश्न : खाणीचा खड्डा बुजवला, पण काठ खचतोय

प्रश्न : घोड धरणाच्या खाली नदीला लागून आमचं शेत आहे. त्यातल्या एका तुकड्यातून पूर्वी गोटे-मुरूम उपसला होता. तो खड्डा मातीने बुजवून आता तिथे ऊस घेतो. भरावाचा काठ साडेतीन मीटर उंच आणि ६० मीटर लांब आहे. दर पावसाळ्यात तो चार-पाच फूट आत सरकतो. जाळीत दगड भरून रचले होते, तेही नदीत कलंडले. आता काँक्रीटची भिंत बांधावी का?
– शेतकरी, शिरूर तालुका

उत्तर : भिंत नको. जाळ्या ज्या कारणाने कलंडल्या, त्याच कारणाने तीही कलंडेल, खर्च मात्र कितीतरी जास्त होईल.

आधी काठ कधी ढासळतो ते पाहा. पूर चढता असताना ढासळत असेल तर धार पायथा पोखरते आहे. पूर ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी मोठी ढेकळं सुटत असतील, तर दोष भरावात मुरलेल्या पाण्याचा. धरणाचे दरवाजे बंद झाले की नदी झपाट्याने उतरते, पण सैल भरावातलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. बाहेरचा टेकू गेला आणि आत वजन तसंच राहिलं की काठ सुटतो. उसाला पाटाने पाणी देत असाल तर त्यात भरच. बुजवलेल्या खाणीत बहुधा दोन्ही कारणं एकत्र असतात.

शिवाय गाळ-वाळू धरणात अडते. खाली येणारं पाणी आपली वाळूची भूक तुमच्या तळावर आणि काठावर भागवतं. जवळच्या जुन्या जॅकवेलचा (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीचा) पाया उघडा पडला असेल तर नदीचा तळ खाली गेला आहे, असं समजा. जाळ्या पात्रावर नुसत्या ठेवल्या असतील तर त्यांच्या खालची माती निघून जाणारच.

काम उन्हाळ्यात करा. उभा काठ कापून १ उंचीला २ आडवा असा उतार द्या. त्यात सात मीटर जमीन जाईल, पण ती तशीही नदीच नेते आहे. नवा भराव २० सेंमीच्या थरांत, ओलसर असताना दाबा. उतारावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) अंथरा किंवा १५ सेंमी वाळू आणि त्यावर १५ सेंमी खडी टाका. हा गाळणीचा थर खर्च वाचवण्यासाठी हमखास गाळला जातो. मग दगडांच्या फटींतून माती वाहून जाते, दगड जागेवर दिसतात आणि पाठीमागे पोकळी झालेली असते.

खरा खर्च पायथ्यावर करा. पुरात तळ जितका खोल खरवडतो त्याच्या दीडपट रुंदीचा दगडांचा पट्टा पायथ्यापासून पात्रात अंथरा. खरवड २ मीटर धरली तर पट्टा ३ मीटर रुंद आणि ६० सेंमी जाड. खालचा तळ खचला की हे दगड आपोआप घसरून त्या उतारावर बसतात. म्हणून ते सुटेच हवेत, सिमेंटने जोडू नका. दगड काळा, टोकदार, ३० ते ३५ सेंमीचा, म्हणजे ४० ते ६० किलोचा घ्या. नदीतले गोल गोटे घरंगळतात. निम्म्या उंचीपर्यंत ४५ सेंमी जाडीचं पिचिंग (उतारावर रचलेला दगडांचा थर) धरून मीटरला साधारण सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), एकूण ७५ ब्रास दगड लागेल. शिवाय दगडकामाची दोन्ही टोकं भरावात न संपवता मूळच्या घट्ट जमिनीत दोन-तीन मीटर घुसवा. प्रवाहाच्या वरच्या टोकाला फट राहिली तर पाणी मागून शिरतं.

वरच्या अर्ध्या उतारावर वाळा लावा : ओळीत १५ सेंमीवर, दोन ओळींत १ मीटर अंतर. मधे निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड काड्या दोन-तृतीयांश पुरून. निलगिरी, सुबाभूळ काठावर नको. झाड उन्मळलं की काठाचा लचका जातो. काठालगत उसाला ठिबक करा.

पात्रातल्या कामाला जलसंपदा विभागाची परवानगी घ्या. धार परतवायला आडवे दगडी बांध घालाल, तर समोरच्याचा काठ तुटेल.

प्रश्न : आमचा खड्डा अजून रिकामा आहे. नदी आणि खड्डा यांमध्ये आठ मीटरचा बांध उरला आहे. तो उंच करावा का?

उत्तर : नुसती उंची वाढवू नका. बाहेर पूर, आत रिकामा खड्डा अशी पातळी तफावत असताना बांध फुटला तर नदी खड्ड्यातूनच वाट काढते. मग खड्ड्याच्या वरच्या प्रवाहाकडच्या कडेपासून नदीचा तळ खचत मागे सरकतो. वर पूल किंवा कोल्हापुरी बंधारा असेल तर त्याचाही पाया धोक्यात येतो. त्यापेक्षा बांधाचा खालच्या प्रवाहाकडचा १०-१५ मीटर भाग थोडा कमी उंचीचा ठेवून दोन्ही बाजूंनी दगडाने मढवा. पूर चढताना पाणी तिथून सावकाश आत येईल आणि उरलेला बांध बुडण्याआधी दोन्ही पातळ्या जवळपास सारख्या होतील.