वाचकांचे प्रश्न: हरिकेन कॅटेगरी 1 चंच आहे म्हणून घरी थांबायचं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही 2 वर्षांपूर्वी फ्लोरिडात टँपाला आलो. गेल्या सीझनला हरिकेन येतंय म्हटल्यावर आमची फार धांदल उडाली, दुकानात पाण्याच्या बाटल्या संपलेल्या, पेट्रोलला ही रांग, आणि आमचे हे म्हणत होते की कॅटेगरी 1 चंच आहे, आपण टीव्हीवर वादळाचा अंदाजे मार्ग दाखवणाऱ्या त्या कोनाच्या अगदी कडेला आहोत, दारं लावून बसू. वादळ दुसरीकडे वळलं म्हणून वाचलो. यंदा सासूबाई आल्यात, त्यांना इन्सुलिन असतं, आणि मुलगी 4 वर्षांची आहे. वादळ यायच्या आधीचे ते दोन तीन दिवस नेमकं काय करायचं असतं?

उत्तर: सगळ्यात आधी एक काम करा, आजच, वादळ नसतानाच. तुमच्या काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून तुमचा इव्हॅक्युएशन झोन (घर सोडून निघायला सांगतात तो भाग) बघा, ए, बी, सी असं एक अक्षर मिळेल, ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मिस्टरांशी कॅटेगरीवरून वाद घालत बसू नका, कारण कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते, एक म्हणजे ताशी 74 ते 95 मैल, बस. समुद्राचं पाणी किती आत येणार, पाऊस किती पडणार हे त्यात नसतंच, आणि अमेरिकेत हरिकेनमधे माणसं जास्त करून पाण्यानेच जातात. तो कोन पण वादळाच्या केंद्राचा असतो, वादळाच्या पसाऱ्याचा नाही, आणि साधारण तीनातून एकदा केंद्र कोनाच्या बाहेरही जातं. त्यामुळे कडेला आहोत म्हणून निर्धास्त राहू नका.

2022 चं इयान वादळ मी विसरूच शकत नाही. आधीचे कितीतरी दिवस सगळे म्हणत होते टँपावर येणार, आम्ही खिडक्यांना फळ्या मारल्या, गाडी भरली, आणि ते वळलं दक्षिणेला. 28 सप्टेंबरला कायो कोस्टा बेटाच्या किनाऱ्यावर आलं. त्या दिवशी टँपातल्या बेशोर रस्त्याच्या कठड्यापाशी बघितलं तर खाडीत पाणीच नाही, नुसता काळा चिखल आणि शिंपले, वाऱ्याने पाणी बाहेर ओढून नेलेलं, आणि लोक चक्क त्यात उतरून चालत होते, मला बघवेना, कारण ते पाणी परत येणारच असतं. आणि तेव्हाच शंभरेक मैल खाली फोर्ट मायर्स बीचला पाणी जमिनीपासून 10 ते 15 फूट चढलं होतं, घरंच्या घरं गेली. वादळ जरासं कमी वळलं असतं तर ते पाणी आमच्या दारात होतं.

म्हणून तुमच्या अक्षराला निघायला सांगितलं की निघायचं, शेजारचे थांबलेत का ते बघायचं नाही. आणि निघायचं म्हणजे जॉर्जियापर्यंत गाडी हाकायची असं नाही हो, दहा वीस मैल आत, झोनच्या बाहेर, पक्क्या घरात राहणारं कोणी ओळखीचं असेल तर तेवढं पुरतं, त्यांना आत्ताच विचारून ठेवा. हरिकेन वॉर्निंग लागते ती जोराचा वारा सुरू व्हायच्या साधारण 36 तास आधी, म्हणजे तुमच्या हातात दीड दिवस असतो, त्यात रात्र आली, ट्रॅफिक आलं. सासूबाई कदाचित म्हणतील मी नाही येत, माझं काय व्हायचं ते इथेच होऊदे. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, औषधांचा डबा आणि पासपोर्टची पिशवी त्यांच्याच हातात द्या आणि म्हणा आई हे तुम्ही सांभाळा, माझ्या सासूबाई तेवढ्यावर उठल्या होत्या. इन्सुलिनसाठी छोटा कूलर घ्या, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं की ते वाया जातं.

झोनमधे नसाल आणि घर मजबूत असेल तर थांबा. पाणी माणशी रोज 1 गॅलन धरा, बाटल्या संपल्या तर रडायचं कारण नाही, नळाचं पाणी आधीच स्वच्छ पातेल्यांत भरून ठेवा, आणि बाथटब भरा फ्लशसाठी (मुलीला तिथे एकटी सोडू नका). कपभर पाणी फ्रीझरमधे गोठवून त्यावर एक नाणं ठेवा, नंतर नाणं तळाला गेलेलं दिसलं तर समजायचं मधे सगळं वितळलं होतं, मग ते अन्न टाकून द्या. काचेला टेप लावत बसू नका, त्याने काच वाचत नाही, फुटते तेव्हा उलट मोठे तुकडे उडतात. जनरेटर घरात नाही, गॅरेजमधे दार उघडं ठेवूनही नाही, घरापासून निदान 20 फूट लांब, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो आणि झोपेत माणूस जातो. वादळाच्या मधेच एकदम शांत झालं तर बाहेर जाऊ नका, तो डोळा असतो, थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो.

प्रश्न: मुलगा ऑरलँडोला असतो. वादळाची बातमी आली की मी पुण्याहून दर तासाला फोन करते, तो चिडतो. काय करू?

उत्तर: काकू, काळजी वाटणारच, पण त्याच्या फोनची बॅटरी त्याला लागणार आहे. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दर 6 तासांनी नवा अंदाज देतं, त्यातले दोन भारतात सकाळी आणि रात्री साडेआठला येतात. तेव्हा बघा आणि मगच त्याला एक मेसेज करा, कॉल लागत नसला तरी मेसेज बरेचदा जातो. आणि वादळाआधीच त्याच्याकडून त्याच्या एखाद्या शेजाऱ्याचा नंबर घेऊन ठेवा.