घर्षण, घासणं आणि आपलं नागपुरी 'घिसणं'

नागपूरच्या एका शिक्षिकेने विचारलंय: वर्गात एक मुलगा म्हणाला, "मॅडम, बाबांच्या गाडीचा टायर घिसला." त्यांनी 'झिजला' अशी दुरुस्ती केली. ती बरोबर का? आणि 'घर्षण' हा जड शब्द बाजूला ठेवून मुलांना सरळ 'घासणं' म्हणून शिकवावं का?

दुरुस्तीची गरज नव्हती, असं मला वाटतं. 'घिसणं' आपल्याकडे हिंदीतून आलं हे खरं, पण त्याचं मूळ परकं नाही. संस्कृत 'घृष्' हाच धातू. 'घर्ष'चं मराठीत 'घास-' झालं, जसं 'सर्प'चं 'साप', 'कर्म'चं 'काम'. हिंदीने 'ऋ'चा 'इ' केला. 'मृत्तिका'चं आपण 'माती' केलं, त्यांनी 'मिट्टी'. 'पृष्ठ'चं आपण 'पाठ', त्यांनी 'पीठ'. तेच इथे. म्हणजे घासणं नि घिसणं ही भावंडंच. 'झिजणं' मात्र वेगळ्या घरचं. ते 'क्षीयते'पासून आलं, म्हणजे कमी होत जाणं. म्हणून तर माणूस संसारासाठी झिजतो, तिथे काही घासावं लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम 'नाही'. घासण्यात हालचाल आलीच, घर्षणाला ती लागत नाही.

कळमन्याच्या बाजारात तुरीची रास बघा. पोतं रिकामं केलं की दाणे चहूकडे ओघळतात आणि मग एका उताराला थांबतात. आणखी चार पोती ओता, रास मोठी होते, उतार जवळजवळ तोच राहतो. त्या थांबलेल्या राशीत काहीही घासलं जात नाही, तरी दाण्यादाण्याला घर्षणानेच धरून ठेवलेलं असतं. हमालाने पायथ्याशी फावडं घातलं की वरचे दाणे घसरतात आणि पुन्हा त्याच उताराला येऊन टेकतात. या न हलणाऱ्या पकडीला शास्त्रात स्थितिक घर्षण म्हणतात. घसरताना जे असतं ते गतिक. तिथे 'स्थितिक घासणं' म्हणून बघा, जीभच अडते.

त्या मुलाच्या टायरमध्ये तर हा धडा आयताच आहे. चाक नीट फिरत असतं तेव्हा रस्त्याला टेकलेला टायरचा भाग त्या क्षणापुरता रस्त्यावर स्थिर असतो. गाडी पकड धरते ती स्थितिक घर्षणावर. जोरात ब्रेक दाबून चाक जाम झालं की टायर रस्त्यावर फरफटतो, घर्षण गतिक होतं आणि पकड कमी पडते. जूनच्या पहिल्या सरीत, धूळ नि तेल भिजलेल्या सिमेंट रोडवर हे आपण दरवर्षी बघतो. गंमत म्हणजे पकड सुटून फरफटणारा टायरच जास्त घिसतो. घर्षण कमी, झीज जास्त! दोन्हींना एकच शब्द वापरला तर हे मुलांना सांगणार कसं?

तेव्हा बलाचं नाव घर्षण, क्रियेचं घासणं, परिणामाचं झीज. हिशेबाच्या वहीत यंत्राची उतरलेली किंमत लिहायला 'घसारा' आहेच. आणि टायर? तो नागपुरात खुशाल घिसू द्या.