दोन गाद्या सरकल्या, पण दुखते कोणती?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी वणी तालुक्यातला कास्तकार, वय ५२. फवारणीचा पंप पाठीवर घेऊ घेऊ कंबर गेली अन् आता महिनाभरापासून डावा पाय मांडीच्या मागून पार अंगठ्यापर्यंत ठणकते. नागपूरले एमआरआय काढला तर दोन गाद्या सरकल्या म्हणून लिहिलं हाय. डॉक्टर म्हणतात दुर्बिणीनं छोट्या छेदातून काम होते. मले समजत नाही, एवढ्याशा भोकातून त्यायले नस दिसते कशी? अन् दोन गाद्या खराब हायेत त दोन्हीवर ऑपरेशन करा लागन काय?

उत्तर : भाऊ, आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण गफलत तिथंच होते. पन्नाशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून जास्त लोकांची गादी फुगलेली दिसते, वयानं केस पिकतात तसंच ते. म्हणून फोटो पायाशी जुळवावा लागतो. तुमची कळ अंगठ्यापर्यंत जाते म्हणजे बहुधा एल-५ नस, म्हणजे कंबरेतली पाचवी, आणि तिला साधारणपणे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी दाबते. करंगळी अन् टाच दुखली असती तर संशय त्याखालच्या गादीवर गेला असता. एमआरआयच्या आडव्या कापाच्या फोटोत ही चौथ्या-पाचव्यामधली गादी डावीकडेच सरकलीय का, हे डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा. जुळलं तर एकच गादी, दुसरीला हात लावायचं काही कारण नाही.

आता भोकाचं. ऑपरेशनच्या टेबलावर सी-आर्म नावाची वाकडी एक्स-रे मशीन असते, तिच्यावर मणके खालून मोजायचे, सुई समोरून अन् बाजूनं बघत बघत नेमक्या जागी न्यायची, मग त्याच वाटेनं एक सेंटीमीटरहून बारीक नळी आणि तिच्यातून कॅमेरा. पण एक्स-रेत फक्त हाडं दिसतात, गादी अन् नस नाही, म्हणून नकाशा एमआरआयचाच लागतो.

तरी घाई नको. पायात जोर असेल तर गोळ्या-व्यायामानं बऱ्याच जणांचं सहा आठवड्यांत, कोणाचं थोडं जास्त दिवसांत, उतरतं. मात्र लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पंजा उचलेनासा झाला तर त्याच दिवशी निघा, बैलपोळा असो की लग्न.

आणि हो, एमआरआयची फिल्म टिनाखाली तापू देऊ नका, काळी पडते. सीडी मागून घ्या.